आरएक्सजावा : सिंगल, ऑब्झर्वेबल, फ्लोएबल यांची अदलाबदल खरंच महाग पडते का?

उपद्व्यापी

मंडळी, कामातला प्रश्न आहे, म्हणून तंत्र विभागात टाकतोय.

आमचं अँड्रॉइड अ‍ॅप आरएक्सजावा ३ वर आहे. (आरएक्सजावा म्हणजे येणाऱ्या माहितीला प्रवाह मानून त्यावर ऑपरेटरांची साखळी लावायची लायब्ररी. सिंगल एकच मूल्य देतो, ऑब्झर्वेबल अनेक, फ्लोएबलही अनेक पण घेणाऱ्याच्या मागणीनुसार.) नेटवर्कचा थर सिंगल देतो, रूम डेटाबेस फ्लोएबल देतो, आणि व्ह्यूमॉडेलमध्ये (स्क्रीनसाठी माहिती तयार करणाऱ्या थरात) सगळं ऑब्झर्वेबलच हवं असं कुणीतरी फार पूर्वी ठरवून ठेवलंय. त्यामुळे जिथे बघावं तिथे टूऑब्झर्वेबल, टूफ्लोएबल, फर्स्टऑरएरर ही एका प्रकाराचं दुसरं करणारी रूपांतरं. आता लीडने रिव्ह्यूत शेरा मारलाय : "प्रत्येक रूपांतर म्हणजे एक जास्तीचा थर, सगळीकडून काढून टाका." सगळीकडून म्हणजे अख्ख्या कोडबेसमधून.

नमुन्यादाखल एक साखळी सांगतो. वस्तूंची यादी सिंगलमधून येते. फ्लॅटमॅपऑब्झर्वेबलने ती सुटी करतो. मग प्रत्येक वस्तूची किंमत आणायला फ्लॅटमॅप (प्रत्येक मूल्यामागे एक आतला प्रवाह उघडून सगळ्यांची उत्तरं एकत्र करणारा ऑपरेटर), आणि त्याच्या आत किंमतीच्या सिंगलवर टूऑब्झर्वेबल. पुढे सगळं पुन्हा एका यादीत गोळा करणारं टूलिस्ट, त्यावर पुन्हा टूऑब्झर्वेबल. व्ह्यूमॉडेल ते घेऊन फर्स्टऑरएरर करतो.

माझं मत असं की लायब्ररी लिहिणारे काही दूधखुळे नाहीत. असल्या गोष्टींची सोय त्यांनी आतच करून ठेवलेली असणार. पण नक्की काय करून ठेवलंय, ते कुणी सांगू शकेल का? नुसतं "काही फरक पडत नाही" म्हटलं तर लीड ऐकणार नाही.

खवचट

स्क्रीन उघडायला जो वेळ लागतो त्यात जेसन वाचायला किती, चित्रं आणायला किती आणि टूऑब्झर्वेबलला किती, एवढं लीडला विचारा. मग धाग्याची गरज उरणार नाही.

टवाळ

सिंगलचं ऑब्झर्वेबल, ऑब्झर्वेबलचं परत सिंगल. दादरला उतरून पुन्हा दादरलाच चढायचं, वर तिकीटही काढायचं.

सदोबा

खवचट यांचा मुद्दा बरोबर आहे, पण प्रश्न लायब्ररीच्या पोटातला आहे, तर तिथूनच सांगतो.

रूपांतराचा खर्च तीन ठिकाणी होतो, आणि लोक ते तिन्ही एकत्र कालवतात. साखळी बांधताना एक वस्तू बनते. सबस्क्राइब करताना, म्हणजे साखळी प्रत्यक्ष चालू करताना, संदेश घेणारा एक ऑब्झर्वर बनतो. आणि प्रत्येक संदेश जाताना एक जास्तीची फंक्शन कॉल होते. सिंगलमधून जन्मात एकच संदेश जायचा असतो, त्यामुळे तिसरा खर्च जवळपास शून्य. पहिले दोन साखळीमागे एकदाच. स्क्रीन उघडताना एकदा चालणाऱ्या साखळीवर हे मोजायला गेलात तर गोंगाटातून आकडा वर येणारच नाही.

आता तुमचं शेवटचं टूलिस्ट आणि त्यावरचं टूऑब्झर्वेबल. ऑब्झर्वेबलवर टूलिस्ट म्हटलं की परत मिळतं ते सिंगल. ऑब्झर्वेबलटूलिस्टसिंगल असं त्या क्लासचं लांबलचक नाव आहे. हा क्लास फ्यूजटूऑब्झर्वेबल नावाचा एक आतला इंटरफेस पाळतो. त्यावर तुम्ही टूऑब्झर्वेबल म्हटलंत की लायब्ररी बघते, समोरच्या सिंगलला हा इंटरफेस आहे का? असेल तर सिंगलवर नवा थर चढवत नाही, सरळ मूळ ऑब्झर्वेबल काढून त्यावर ऑब्झर्वेबलचाच टूलिस्ट बसवून देते. सिंगल मधल्यामधे गायब. काउंट, ऑल, एनी, कलेक्ट, इग्नोरएलिमेंट्स यांचीही हीच सोय आहे. फ्लोएबलच्या बाजूला फ्यूजटूफ्लोएबल, मेबीसाठी (एक मूल्य किंवा काहीच न देणारा प्रकार) फ्यूजटूमेबी.

तेव्हा उपद्व्यापी, तुमचा अंदाज निदान साखळीच्या या टोकाला तरी खरा आहे.

ओवी

सदोबा, लायब्ररी "बघते" म्हणजे इन्स्टन्सऑफ (वस्तू अमुक क्लासची आहे का ही तपासणी) लावते, एवढंच ना? मग मध्ये कुणी काही गुंडाळलं तर?

सदोबा

हो, साधं इन्स्टन्सऑफ. आणि गुंडाळलं की संपलं. हाइड घातलं की मूळ क्लास दिसत नाही. लिफ्ट वापरून स्वतःचा ऑपरेटर घुसवला तरी तेच. आरएक्सजावाप्लगइन्समधल्या ऑनअसेम्ब्ली हुकमध्ये (साखळीचा प्रत्येक दुवा बनताना चालणाऱ्या कोडमध्ये) स्टॅकट्रेससाठी काही वेष्टन घालणारं साधन लावलं असेल तर त्या बिल्डमध्येही हे जवळचे रस्ते बंद होऊ शकतात. म्हणून डीबग बिल्डवर घेतलेली मापं कुणाला दाखवू नयेत.

निवांत

साखळीच्या टोकाबद्दल सहमत. पण मधल्या फ्लॅटमॅपबद्दल सदोबा काहीच बोलले नाहीत, आणि उपद्व्यापींच्या लीडचा शेरा खरा असेल तर तो तिथेच. बाहेरचं रूपांतर साखळीमागे एकदा होतं, फ्लॅटमॅपच्या आतलं प्रत्येक वस्तूमागे. यादीत २०० वस्तू असतील तर २०० वेळा.

किंमतीच्या सिंगलवर टूऑब्झर्वेबल केलं की वस्तूमागे दोन जास्तीचे ऑब्जेक्ट बनतात, एक रूपांतराचा आणि एक त्याच्या ऑब्झर्वरचा. फ्लॅटमॅपचा स्वतःचा आतला ऑब्झर्वर वेगळा. पण मला ऑब्जेक्टची एवढी चिंता नाही, कचरा गोळा करणारा ते उचलतो. खरी गोम फ्लॅटमॅप आतून कसा चालतो त्यात आहे.

फ्लॅटमॅप आपल्या चालू प्रवाहांची एक अ‍ॅरे ठेवतो. नवा प्रवाह जोडायचा तर एक घर मोठी अ‍ॅरे बनवून जुनी तीत उतरवतो. एक संपला की एक घर लहान अ‍ॅरे बनवून पुन्हा उतरवतो. म्हणजे २०० किंमती एकदम मागवल्या असतील तर २०० वा जोडताना आधीच्या १९९ ची नक्कल. त्यात आणखी गंमत अशी की टूऑब्झर्वेबलने बनलेला ऑब्झर्वर फ्यूजनला (दोन ऑपरेटरांनी एकच क्यू वाटून घेण्याला) तयार असतो, तो स्वतःच एका घराची क्यू बनतो. फ्लॅटमॅप ते खुशीने स्वीकारतो. पण फ्यूजन झालेल्या प्रवाहाकडून संदेश आला की "रस्ता मोकळा आहे तर थेट पुढे ढकल" हा सोपा मार्ग तो घेत नाही, क्यू उपसायच्या लूपमध्ये जातो. आणि तो लूप सगळ्या चालू प्रवाहांवरून फिरतो. किंमत आली एकाची, चौकशी सगळ्यांची.

फ्लॅटमॅपसिंगल वापरलात तर यातलं काही नाही. आतल्या सिंगलकडून उत्तर आलं आणि त्या क्षणी दुसरं कुणी पाठवत नसलं की उत्तर सरळ पुढे. गर्दी असली तरच सगळ्यांची मिळून एक सामाईक क्यू बनते.

म्हणून लीडचा "सगळीकडून काढा" हा हुकूम मला मान्य नाही, पण "फ्लॅटमॅपच्या आतून काढा" असता तर मी सही केली असती.

खवचट

"चौकशी सगळ्यांची". आमच्या सोसायटीची कमिटी याच अल्गोरिदमवर चालते.

कोकण्या

निवांत यांचा प्रतिसाद वाचून कुणी उद्या सकाळी शोधा-आणि-बदला करायला बसेल, त्याच्यासाठी धोक्याची पाटी लावतो.

ऑब्झर्वेबलवर फ्लॅटमॅप आणि फ्लॅटमॅपसिंगल, दोघांनाही एकावेळी किती प्रवाह यावर मर्यादा नाही, त्यामुळे तिथे अदलाबदल बिनधास्त. फ्लोएबलवर मात्र साधा फ्लॅटमॅप मुळात १२८ वर थांबतो. त्याहून जास्त आतले प्रवाह तो एकदम उघडत नाही, वरून मागणीच तेवढी करतो. फ्लोएबलवरच्या फ्लॅटमॅपसिंगलची मुळातली मर्यादा? पूर्णांकात मावेल तेवढी. म्हणजे नाहीच. रूमकडून आलेल्या मोठ्या फ्लोएबलवर तुम्ही "ऑप्टिमाइझ" म्हणून हा बदल केलात, तर वाचवलेत वस्तूमागे दोन ऑब्जेक्ट आणि बॅकप्रेशर, म्हणजे घेणाऱ्याने देणाऱ्याला हळू ये म्हणण्याची सोय, घालवून बसलात. फ्लॅटमॅपसिंगलचं तिसरं पॅरामीटर वापरा आणि आकडा स्वतः द्या.

उलट बाजूने, ऑब्झर्वेबलवरच्या फ्लॅटमॅपसिंगलला मर्यादा देता येतच नाही. तसलं पॅरामीटरच ठेवलेलं नाही. मर्यादा हवी असेल तर एकतर फ्लॅटमॅप आणि आत टूऑब्झर्वेबल, नाहीतर फ्लोएबलकडे वळा.

बकुळा

कोकण्या, +१. आणि नेटवर्क मागवायचं असेल तर खालची पायरीही बघा. रेट्रोफिट या नेटवर्क लायब्ररीचा आरएक्सजावा ३ चा अ‍ॅडॅप्टर साध्या क्रिएटने बनवला तर मागण्या त्याखालच्या ओकेएचटीटीपी लायब्ररीच्या डिस्पॅचरमधून (मागण्यांची रांग सांभाळणाऱ्या भागातून) जातात. तिथे मुळात एकूण ६४ आणि एका होस्टला ५ अशी मर्यादा आहे. वर २०० प्रवाह उघडलेत तरी खाली पाचच चालणार. क्रिएटसिंक्रोनस घेऊन त्यावर आयओ शेड्यूलर (काम वेगळ्या थ्रेडवर चालवणारा) लावला असेल तर हा पहारेकरी नाही, आणि आयओ शेड्यूलर मागेल तितके थ्रेड देतो.

आणखी एक. उपद्व्यापी म्हणतात नेटवर्कचा थर सिंगल देतो. रेट्रोफिट आत आधी ऑब्झर्वेबलच बनवतो. तुम्ही सिंगल मागितलंत तर त्यावर सिंगलऑरएरर लावतो, मेबी मागितलंत तर सिंगलएलिमेंट, कम्प्लीटेबल (नुसतं संपलं एवढंच सांगणारा प्रकार) मागितलंत तर इग्नोरएलिमेंट्स, आणि फ्लोएबल मागितलंत तर टूफ्लोएबल. म्हणजे लीडने कोडबेसमधलं शेवटचं रूपांतर काढलं तरी एक शिल्लक राहीलच, दुसऱ्याच्या कोडमध्ये.

टवाळ

लीडला सांगू नका, रेट्रोफिटवर पुल रिक्वेस्ट टाकेल.

धोंडोपंत

जुनी आठवण म्हणून लिहितो, थोडं अवांतर वाटलं तर पुढे जा.

ही डोकेदुखी पहिल्या आवृत्तीत अशी नव्हती. नेटफ्लिक्सने २०१३ मध्ये आरएक्सजावा खुलं केलं, १.० आलं २०१४ च्या नोव्हेंबरात. त्या काळी मुख्य प्रकार एकच, ऑब्झर्वेबल. सिंगल नंतर आला, आणि सुरुवातीला त्याच्या पोटात ऑब्झर्वेबलचाच सांगाडा होता. त्यामुळे सिंगलचं ऑब्झर्वेबल करणं म्हणजे वरची पाटी बदलणं. खर्च दुसरीकडे होता. जवळपास प्रत्येक ऑपरेटर लिफ्टमधून जायचा. मॅप म्हटलं तरी लिफ्ट, फिल्टर म्हटलं तरी लिफ्ट. त्याने मधली एक वस्तू वाढायची आणि स्टॅकट्रेस मारुतीच्या शेपटासारखा लांबायचा. पुढे १.x मध्येच मॅप, फिल्टर वगैरे एकेक करून लिफ्टमधून बाहेर काढून थेट ऑनसबस्क्राइबवर आणले.

२.० म्हणजे २०१६ चा ऑक्टोबर. ते रिअ‍ॅक्टिव्ह स्ट्रीम्सच्या (प्रवाह आणि मागणीसाठीच्या सामाईक) नियमांवर नव्याने लिहिलं. पाच प्रकार झाले आणि प्रत्येकाचा करार वेगळा. सिंगलला ऑनसक्सेस, ऑब्झर्वेबलला ऑननेक्स्ट आणि ऑनकम्प्लीट, फ्लोएबलला वर रिक्वेस्ट. तेव्हापासून रूपांतर म्हणजे खरोखरचा दुभाषा मध्ये बसवणं आलं, आणि म्हणून फ्यूजटूऑब्झर्वेबलसारख्या पळवाटा लागल्या. ऑपरेटर फ्यूजनचं बरंचसं काम डेव्हिड कर्नोक यांनी रिअ‍ॅक्टिव्ह-स्ट्रीम्स-कॉमन्स या प्रकल्पात तशाच दुसऱ्या लायब्ररीच्या, म्हणजे रिअ‍ॅक्टरच्या मंडळींबरोबर केलं. म्हणूनच आरएक्सजावा आणि रिअ‍ॅक्टरचं पोट उघडलं की सख्खी भावंडं वाटतात.

झटपट

२.x चा आधार फेब्रुवारी २०२१ ला संपला, ३ सुद्धा आता नवं नाही. हे सगळं सोडून कोटलिनचं कोरूटीन घ्या आणि सुखी व्हा. त्यातल्या फ्लोमध्ये असले पाच प्रकार नाहीतच. एक मूल्य हवं तर सस्पेंड फंक्शन, अनेक हवी तर फ्लो. प्रश्नच मिटला.

निवांत

झटपट, प्रश्न मिटत नाही, पत्ता बदलतो. अर्धा कोडबेस आरएक्स आणि अर्धा फ्लो असताना दोघांच्या शिवेवर काय होतं ते बघा. ऑब्झर्वेबलवर अ‍ॅझफ्लो म्हटलं की मध्ये एक चॅनेल बसतं, मुळात ६४ घरांचं. ऑब्झर्वेबलला बॅकप्रेशर कळत नाही, म्हणून चॅनेल भरलं की पाठवणारा थ्रेडच अडकवून ठेवतात. तो थ्रेड मुख्य असला तर देव तारी. फ्लोएबलवरून अ‍ॅझफ्लो केलं तर मात्र ते नीट मागून घेतं, आणि पुढे लगेच बफर लावलात तर त्याचा आकडाच मागणीचा आकडा होतो, वेगळा थर चढत नाही. म्हणजे फ्यूजन तिथेही आहेच, बफर आणि फ्लोऑनचं.

झटपट

अर्धा कोडबेस ठेवायला कोण सांगतंय? पूर्ण बदला.

खवचट

हो, आणि बिल कुणाच्या नावावर पाठवू?

ओवी

धाग्याचं काश्मीर होण्याआधी मूळ विषयावर येऊ या का? मला टूफ्लोएबलबद्दल विचारायचंय. आमच्याकडे फतवा आहे की ऑब्झर्वेबल दिसला की टूफ्लोएबल बफर करा, म्हणजे बॅकप्रेशर मिळतं. मिळतं का?

सदोबा

नाही मिळत. निदान वरपर्यंत नाही.

सोर्स उघडून बघा, फार थोड्या ओळी आहेत. टूफ्लोएबल आधी फ्लोएबलफ्रॉमऑब्झर्वेबल बनवतो, त्याची रिक्वेस्ट ही मेथड रिकामी आहे. आत एक ओळही नाही. खालून कुणी "मला दहाच दे" म्हणालं तर ते ऐकून सोडून दिलं जातं. मग त्यावर तुम्ही सांगितलेलं धोरण बसतं : बफर म्हटलं तर ऑनबॅकप्रेशरबफर, ड्रॉप म्हटलं तर ऑनबॅकप्रेशरड्रॉप, लेटेस्टला लेटेस्ट. मिसिंग म्हटलं तर काहीच नाही. बफरला वरची मर्यादा नसते. म्हणजे पाणी नळातून तसंच धो धो येतंय, तुम्ही फक्त न भरणारी टाकी बांधली.

एक गोष्ट मात्र चांगली आहे. टूफ्लोएबल बफरच्या लगेच पुढे ऑब्झर्वऑन (पुढचं काम दुसऱ्या थ्रेडवर नेणारा) असेल तर लोकांना वाटतं दोन क्यू झाल्या, एक बफरची आणि एक ऑब्झर्वऑनची १२८ घरांची. प्रत्यक्षात ऑब्झर्वऑन वरच्याला फ्यूजनसाठी विचारतो, बफर हो म्हणतो, आणि बफरची क्यूच ऑब्झर्वऑन थेट वापरतो. एकच क्यू. फ्यूजन झालं नाही तर ऑब्झर्वऑन सुरुवातीला १२८ मागतो आणि ९६ संपले की पुढचे ९६ मागतो, तीनचतुर्थांशाच्या हिशेबाने.

कोकण्या

यात मधे मॅप आला तर? बफर, मॅप, ऑब्झर्वऑन?

सदोबा

तिथे बाउंड्री नावाचा झेंडा आहे. ऑब्झर्वऑन फ्यूजन मागताना "मी थ्रेडची सीमा आहे" हेही सांगतो. मॅप ते ऐकून नकार देतो. का? कारण फ्यूजन झालं तर क्यूमधून मूल्य काढताना मॅपचं फंक्शन चालेल, म्हणजे ते ऑब्झर्वऑनच्या पलीकडच्या थ्रेडवर चालेल. तुम्ही जड हिशेब मुद्दाम मागच्या थ्रेडवर ठेवलाय आणि फ्यूजनने तो गुपचूप मुख्य थ्रेडवर आणून टाकला, असं होऊ नये म्हणून. मग तिथे दोन क्यू होतात. वेग गेला तरी चालेल पण थ्रेड बदलता कामा नये, हा निर्णय मला अगदी पटतो.

ओवी

आता कळलं. मग फ्लोएबल करायचं तरी कधी?

धोंडोपंत

२.० बरोबर जे टिपण आलं त्यात ढोबळ नियम दिलाय. जास्तीत जास्त हजारेक मूल्यं, किंवा टच, माउससारख्या स्क्रीनवरच्या घटना असतील तर ऑब्झर्वेबल. दहा हजारांच्या वर, किंवा फाइल, डेटाबेस, नेटवर्क असं जिथे हळू ये म्हणता येतं, तिथे फ्लोएबल. बोट थांबवता येत नाही, फाइल वाचणं थांबवता येतं.

बकुळा

सर्व्हरवाल्यांसाठी जोड देते. स्प्रिंग वेबफ्लक्समध्ये कंट्रोलरने ऑब्झर्वेबल परत केला तर फ्रेमवर्क तो स्वतःच बफर धोरणाने फ्लोएबल करून घेतं. म्हणजे सदोबांची टाकी तुमच्या नकळत बांधली जाते, आणि मंद मोबाइल जोडणीवरचा ग्राहक असला की ती सर्व्हरच्या मेमरीत भरत राहते. मोठी यादी पाठवायची तर मुळातूनच फ्लोएबल किंवा फ्लक्स (रिअॅक्टरचा अनेक मूल्यांचा प्रकार) द्या.

रिअ‍ॅक्टरमध्ये रूपांतराची एक छान खोच आहे. मोनोवरून (फार तर एका मूल्याच्या प्रकारावरून) फ्लक्स.फ्रॉम केलं आणि त्यावर पुन्हा मोनो.फ्रॉम केलं, तर तो आतला मूळ मोनो बाहेर काढून देतो. टवाळ यांचं दादर तिथे तिकिटाविना. पण खऱ्या फ्लक्सवर मोनो.फ्रॉम केलंत तर पहिलं मूल्य आलं की तो वरच्याला रद्द करतो. एकच मूल्य येणार याची खात्री असेल आणि रद्द करणं परवडत नसेल, तर मोनो.फ्रॉमडायरेक्ट आहे. एका ठिकाणी वर व्यवहार चालू असताना हा रद्दचा संदेश पोहोचून नको ते झालेलं मी पाहिलंय. तिथे वेगाचा प्रश्नच नव्हता, रूपांतराने वागणूकच बदलली होती.

निवांत

हेच. आणि मूळ साखळीत अजून एक जागा राहिली, उपद्व्यापी. तुमच्या किंमती कॅशमध्येही असतात का? असतील तर फंक्शन बहुधा सिंगल.जस्ट देत असेल, आणि तुम्ही त्यावर टूऑब्झर्वेबल करताय.

ऑब्झर्वेबल.जस्ट फ्लॅटमॅपच्या आतून परत आलं तर फ्लॅटमॅप त्याला ओळखतो. सबस्क्राइब न करता, अ‍ॅरेत न जोडता, मूल्य काढून थेट पुढे देतो. सिंगल.जस्टचं टूऑब्झर्वेबल केलं की ती ओळख पुसली जाते, कारण सिंगल.जस्टवर फ्यूजटूऑब्झर्वेबलही नाही आणि बाहेर येणारा ऑब्झर्वेबल "माझ्याकडे तयार एकच मूल्य आहे" असं सांगणाराही नाही. कॅशमधून चटकन मिळणाऱ्या किंमतीला नेटवर्कवाल्या किंमतीचा सगळा सोपस्कार. फ्लॅटमॅपसिंगलमध्ये सबस्क्राइब होतंच, पण ते हलकं असतं.

उपद्व्यापी

बापरे, केवढं मटेरियल! सगळ्यांना दंडवत. शनिवारी बसून मोजलं.

मापन जेटपॅकच्या मायक्रोबेंचमार्कने प्रत्यक्ष फोनवर केलं, कारण जेएमएच हे मोजण्याचं साधन डेस्कटॉपच्या जेव्हीएमवर मोजतं आणि आमचं अ‍ॅप चालतं अँड्रॉइडच्या एआरटीवर. ते वेळेबरोबर अ‍ॅलोकेशनही (किती वस्तू बनल्या तेही) मोजून देतं. वेळेचे आकडे फोन तापला की नाचतात, अ‍ॅलोकेशनचे मात्र दर वेळी तेच येतात, म्हणून निर्णय त्यांच्यावर घेतला.

फ्लॅटमॅपच्या आतलं टूऑब्झर्वेबल काढून फ्लॅटमॅपसिंगल केलं : अ‍ॅलोकेशन स्पष्ट उतरलं, यादी जितकी मोठी तितका फरक मोठा. निवांत म्हणाले तसंच, किंमती सगळ्या कॅशमध्ये असल्या तरी.

टोकाच्या टूलिस्टवरचं टूऑब्झर्वेबल मात्र सदोबांच्या म्हणण्याप्रमाणे फुकट पडायला हवं होतं, ते पडेना. सोर्समध्ये पायरी पायरीने उतरलो तर इन्स्टन्सऑफपाशी आमचा सिंगल हा टूलिस्टवाला नव्हताच, सिंगलहाइड होता. रिपॉझिटरीच्या प्रत्येक फंक्शनच्या शेवटी हाइड आहे. टीमच्या जुन्या नियमावलीत लिहिलंय, "सब्जेक्ट बाहेर जाऊ नये म्हणून".

सदोबा

सब्जेक्टसाठी तो नियम योग्यच आहे. नाहीतर कुणीही कास्ट करून बाहेरून ऑननेक्स्ट मारेल. पण टूलिस्टमधून आलेल्या सिंगलला लपवण्यासारखं काय आहे? जिथे आत सब्जेक्ट किंवा प्रोसेसर (फ्लोएबलचा सब्जेक्ट) आहे तिथेच ठेवा.

उपद्व्यापी

तेच केलं. लीडशी बोललो, "सगळीकडून काढा" मागे घेतलं त्यांनी. ठरलं ते असं : फ्लॅटमॅप, स्विचमॅप, कॉनकॅटमॅप यांच्या आत टूऑब्झर्वेबल दिसलं तर रिव्ह्यूत विचारायचं. साखळीच्या बाहेरच्या टोकांना हात लावायचा नाही. फ्लोएबलवर फ्लॅटमॅपसिंगल असेल तर आकडा लिहिल्याशिवाय मर्ज नाही. व्ह्यूमॉडेलमध्ये सगळं ऑब्झर्वेबल हा नियमही मोडीत काढतोय, कारण फर्स्टऑरएरर करणाऱ्याला सिंगलच हवा होता.

झटपट

आणि कोरूटीन?

खवचट

झटपट, नावाला जागा आणि सावकाश घ्या.

ओवी

उपद्व्यापी, एक शंका. फ्लॅटमॅपसिंगलने किंमती ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने यादीत पडतील ना? स्क्रीनवर वस्तू उड्या मारत नाहीत?

उपद्व्यापी

किंमत वस्तूच्या आयडीसकट येते, स्क्रीन आयडीवरून जोडून घेतो, म्हणून चालतं. पण दुसऱ्या एका स्क्रीनला क्रम हवाय. तिथे कॉनकॅटमॅपसिंगल लावलं तर एकामागून एक जातं, फार हळू. सगळे एकदम सुरू करून उत्तरं क्रमाने देणारा कॉनकॅटमॅपईगर आहे, पण त्याचा सिंगलवाला भाऊ सापडला नाही.

कोकण्या

नाहीये तो. तिथे आत टूऑब्झर्वेबल करावंच लागेल, त्याला इलाज नाही. फक्त ऑब्झर्वेबलवरचा साधा कॉनकॅटमॅपईगर सगळे प्रवाह एकदम सुरू करतो, तेव्हा एकावेळी किती ते पॅरामीटर द्या. रिव्ह्यूच्या नियमात हा अपवाद आताच लिहून ठेवा, नाहीतर सोमवारी कुणीतरी तोही काढेल.